सेन्सर आणि शनिवारचं लिंबू

घाटातल्या गाड्या हॉर्नपेक्षा गप्पा जास्त मारायच्या, त्या काळातली ही गोष्ट. भिवा गावितची जीप पाड्यावरच्या आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायची. इंजिन किती तापलं हे सांगणारा तिचा सेन्सर आता म्हातारा झाला होता. चढावर त्याला अधूनमधून डुलकी लागायची, पण अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एका शुक्रवारी गॅरेजवाले रशीदचाचा म्हणाले, "भिवा, सेन्सर बदलून टाक. जुना झालाय."

"चालतोय की अजून, चाचा," म्हणत भिवा निघाला.

"वाचलो!" सेन्सर बंपरला टांगलेल्या लिंबाला म्हणाला. "तुला मात्र उद्या शनिवार म्हणून काढून टाकतील. एवढं रसरशीत आहेस, वाईट नाही वाटत?"

"कशाला?" लिंबू म्हणालं. "मी सुकून कधी गळेन ते भिवाला थोडंच कळणार? म्हणून तो आधीच बदलतो. तुला घाटात डुलकी लागेल तेव्हा मागच्या सीटवर कोण असेल, ते तुला तरी ठाऊक आहे का?"

मग इंजिन अजून तापलंही नसताना सेन्सरने स्वतःच लाल दिवा लावला. भिवा चमकला आणि गाडी वळवून गॅरेजात परत आला.

शनिवारी जीपला नवं लिंबू लागलं आणि नवा सेन्सरही. त्याच दुपारी एका अडलेल्या बाईला घेऊन ती घाट चढून गेली.

काही दिवसांनी परतताना जीप गॅरेजपाशी थांबली. भंगाराच्या डब्यातल्या म्हाताऱ्या सेन्सरला जीपमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. जन्मभर तापत राहिलेला तो, पहिल्यांदाच निवांत गार झाला.