साळूबाईचं माळवद आणि सटवाजी गवंडी

फार वर्षांपूर्वी, चिंचदऱ्याला बैलगाडीचीसुद्धा वाट नव्हती तेव्हा, डोंगरापलीकडच्या वस्तीत सटवाजी नावाचा एक गवंडी राहत होता. असं म्हणतात, की त्यानं हात लावलेली भिंत कधी फुगली नाही. काम घेण्याआधी तो त्या घरात तीन दिवस नुसता बसून राहायचा. भिंतीला कान लावायचा, पाणी कुठून मुरतं ते बघायचा, घरातल्या माणसांना विचारायचा, की तुमचं उठणं-बसणं कुठं, चुलीचा धूर कुठं कोंडतो, आजारी माणूस कुठं निजतो. लोक हसायचे. म्हणायचे, याला भिंती बांधायला बोलवावं, तर हा पाहुणचार घेत बसतो.

त्याच चिंचदऱ्यात साळूबाई नावाची एक विधवा होती. पदरात दोन मुली, अंथरुणाला खिळलेला सासरा, आणि डोक्यावर मातीचं जुनं माळवद. थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. घराची मागली भिंत पोट काढून उभी होती, आणि मांडवाला येणारी माणसं बसवायला जागा नव्हती. घर दुरुस्त केल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सटवाजी आला. तीन दिवस बसला. साळूबाईनं वाढलेली भाकरी खाल्ली, सासऱ्याच्या बाजेजवळ बसून त्याच्याशी बोलला. चौथ्या दिवशी म्हणाला, "बाई, मागली भिंत उतरवून पुन्हा बांधू. पण मधल्या भिंतीला हात लावायचा नाही. सगळं माळवद तिच्यावर निजलंय. पाहुण्यांसाठी पुढं पडवी काढून देतो. दोन महिने लागतील."

साळूबाईचा दीर लिंबाजी शेजारीच राहायचा. घरात शब्द त्याचाच चालायचा. त्यानं पेठेतून विश्वंभर मिस्त्रीला बोलावून आणलं. विश्वंभर उभ्या उभ्याच घर फिरला. कुणाला काही विचारलं नाही. जमिनीवर काठीनं रेघा ओढून म्हणाला, "मधली भिंत काढली, की पेठेतल्या वाण्याच्या घरासारखा ऐसपैस सोपा होतो. शंभर माणूस बसेल. वीस दिवसांत देतो."

लिंबाजी खूश झाला. साळूबाईला सटवाजीचं बोलणं पटलं होतं. तिला ठाऊक होतं, की पावसाळ्यात ती मधली भिंतच तेवढी कोरडी असते, आणि वारं सुटलं की सगळं घर तिच्याच आधारानं उभं असतं. पण दिरापुढं बोलायची तिला सवय नव्हती.

"वहिनी, तुमचं काही म्हणणं आहे का?" लिंबाजीनं विचारलं.

"तुम्ही कराल ते," ती म्हणाली.

सटवाजीनं आपली थापी धडप्यात बांधली आणि रामराम करून गेला. रागावला नाही. जाताना साळूबाईला एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्याची बाज दाराजवळ ठेवा."

विश्वंभरनं मधली भिंत पाडली. माळवदाच्या तुळईखाली बाभळीचे चार टेकू लागले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, सूर्य उगवायच्या वेळेला, तुळई बोलली. आधी बारीक, मग मोठ्यानं. माती झडू लागली. विश्वंभर आणि त्याची माणसं बाहेर पळाली. एक टेकू उभा चिरला.

असं म्हणतात, की सटवाजीनं तो आवाज दोन कोसांवर ऐकला. तो तिकडं विहिरीचं काम करत होता. हातातला दगड टाकून तो धावला आणि दरा एका दमात उतरला. तो पोचला तेव्हा दुसरा टेकू मोडत होता. तो आत शिरला, आणि मोडलेल्या टेकूच्या जागी त्यानं आपला खांदा दिला.

"आधी म्हातारा," तो म्हणाला.

साळूबाईनं आणि मुलींनी दाराजवळ ठेवलेली बाज ओढून बाहेर काढली. मुली बाहेर राहिल्या. साळूबाई परत आत आली आणि सटवाजीला म्हणाली,

"तात्या, आता तुम्ही निघा."

"मी निघालो, की हे खाली येतंय. दगड आण, बाई. माझ्या शेजारी खांब चढव. मी सांगतो तसा."

बाहेर गाव जमलं होतं, पण आत पाऊल टाकायला कुणी धजेना. मग साळूबाईनंच पाडलेल्या भिंतीचे दगड उचलले. जन्मात तिनं चुलीपलीकडं काही बांधलं नव्हतं. सटवाजी डोळे मिटून, दगडाच्या आवाजावरून सांगत होता, "तो नको, गोल आहे. आडवा घे. सांध्यावर सांधा येऊ देऊ नको." ती रचत गेली. तिची बोटं फुटली. थोड्या वेळानं लिंबाजी मान खाली घालून आत आला आणि तिला दगड देऊ लागला. सूर्य माथ्यावर येईपर्यंत सटवाजी उभा होता. असं म्हणतात, की त्याचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत रुतले, आणि त्याच्या अंगाचा घाम जिथं पडला तिथली माती दगडासारखी झाली.

खांब तुळईला टेकला. साळूबाईनं फटीत दगडाच्या चिपा ठोकून बसवल्या. सटवाजीनं हळूच खांदा काढला. माळवद जागचं हललं नाही.

तो खाली बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "ओळंबा धर."

साळूबाईनं त्याच्या कमरेच्या धडप्यातला ओळंबा काढून खांबाशी धरला. दोरी थांबेपर्यंत त्यानं वाट पाहिली.

"सरळ आहे," तो म्हणाला, आणि खांबाला डोकं टेकून त्यानं प्राण सोडला.

दहाव्याला सगळा गाव नदीवर जमला. बायका विश्वंभरला शिव्या देत होत्या, पुरुष लिंबाजीकडं बघत नव्हते. तेव्हा साळूबाई उभी राहिली. चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलली. "भिंत भाऊजींनी किंवा मिस्त्रींनी पाडली नाही. मला कळत होतं, आणि मी गप्प बसले. ती मी पाडली." मग ती विश्वंभरकडं वळली. तोही आला होता, मागं उभा होता. "मिस्त्री, तुम्ही बाहेर पळालात. आपल्या कामाखाली जो उभा राहत नाही, त्याला या गावात घर बांधायला मिळणार नाही."

असं म्हणतात, की विश्वंभरनं पेठेतली कामं सोडली आणि पुढचं सगळं वर्ष साळूबाईचं घर बांधलं, तिला विचारून विचारून, त्याच छताखाली उभं राहून. लग्न एक वर्षानं झालं.

चिंचदऱ्यात आता स्लॅबची घरं आहेत. पण कुणाचंही काम असो, शेवटचा टेकू घरची बाई काढते, आणि त्या वेळी काम करणारा छताखाली मधोमध उभा राहतो. या उभं राहण्याला 'सटवाजीचा उभा' म्हणतात. याला जो तयार नसेल, त्याला काम मिळत नाही.

मागच्या साली शहरातला एक ठेकेदार आला होता. लॅपटॉपवर रंगीत घर दाखवलं, फॉल्स सीलिंग, मोठा हॉल, सगळं. रीत ऐकून तो हसला. काम पुरं होत आलं, घरच्या सुनेनं टेकूला हात घातला, आणि तो मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

मग म्हणाला, "ताई, थांबा. मला अजून चार दिवस द्या."

गावानं दिले.