पलीकडच्या ओसरीवरची गर्दी

फार फार पूर्वी, तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आज कुणाला आठवत नाही, एका खाडीच्या काठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. पाद्री लांबच्या शहरातून वर्षातून दोनदा येत. बाकीचे दिवस देवाधर्माचं सगळं इनास मास्तर बघत. प्रार्थना तेच सांगत, मुलांना तेच शिकवत आणि गावाच्या शंकाही तेच फेडत.

शंका फेडण्याची त्या गावची एक रीत होती. उपासकाळात दर शुक्रवारी दुपारी लोक चर्चच्या पायऱ्यांवर जमत. ज्याला काही कळत नसे तो विचारी आणि मास्तर उत्तर देत. विचारणारा ‘उमगलं’ म्हणेपर्यंत मास्तरांनी उठायचं नाही, असा नियम होता. नियम चांगलाच होता. पण मास्तरांचा दरारा असा, की त्यांचं वाक्य संपायच्या आत लोक ‘उमगलं’ म्हणून मोकळे होत. मास्तरांना वाटे, आपल्यासारखं समजावून सांगणारा पंचक्रोशीत नाही. लोकांना वाटे, एवढ्या उन्हात बसतंय कोण.

एका वर्षी कुस्तानबाय नावाची एक विधवा पायरीवर उभी राहिली. तिची एकुलती एक मुलगी फिलू. खाडीपलीकडे मुसलमान विणकरांची वस्ती होती, तिथल्या एका विणकराशी फिलूने दोन वर्षांपूर्वी लग्न केलं होतं. आता तिचे दिवस भरत आले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, असा तिने निरोप धाडला होता.

“मास्तर,” कुस्तानबाय म्हणाली, “पोरीला घरी आणू का?”

मास्तरांनी क्षणभरही विचार केला नाही. जी देवाचं घर सोडून गेली तिने आधी त्या घरात परत यावं, मग आईच्या घराचं बघू, असं त्यांनी सांगितलं. आणि ‘उमगलं’ ऐकायला ते थांबले.

“नाही उमगलं,” कुस्तानबाय म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. उत्तर तेच होतं, आवाज तेवढा चढला होता. तिने पुन्हा मान हलवली. ऊन कलंडलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तीच म्हणाली, “मला अजून काही उमगलेलं नाही, मास्तर. पण तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. उठा आता, जेवून घ्या.”

मास्तर उठले, पण तिचा हट्ट त्यांना जितका झोंबला नाही तितकी तिची ती माया झोंबली. सगळ्या गावादेखत एका अडाणी बाईने त्यांना दया दाखवली होती.

दुसऱ्याच दिवशी कुस्तानबाय खाडीवरचा पूल ओलांडून विणकरांच्या वस्तीत गेली. तिथे एक म्हातारे हकीम राहत. त्यांच्या ओसरीवर लोक औषधालाही येत आणि मन हलकं करायलाही येत. कुस्तानबाय काही धर्म बदलायला गेली नव्हती. आपलं नातवंड ज्या घरात वाढणार, त्या घराच्या चालीरीती तिला जाणून घ्यायच्या होत्या. जन्मलेल्या बाळाच्या कानात काय सांगतात, एवढे दिवस रोजे का धरतात, आपल्या मुलीने गळ्यातली क्रुसाची माळ ठेवली तर चालेल का, असं तिने विचारलं. हकिमांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले.

तिने परत येऊन हे शेजारणींना सांगितलं. आता बघा, त्या वस्तीतली बांग हे गाव पिढ्यान्‌पिढ्या ऐकत होतं. पण तिचा अर्थ काय, हे जाऊन विचारावंसं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी तिच्याबरोबर तिघी गेल्या. मग त्यांचे नवरेही गेले. तिसऱ्या शुक्रवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोनच म्हातारे उरले आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं.

पायऱ्यांवरून पलीकडची ओसरी स्वच्छ दिसे. आपली माणसं त्या म्हाताऱ्यासमोर बसलेली आहेत, हसताहेत, हातवारे करून बोलताहेत, हे मास्तर रोज बघत. मला कळपाची काळजी वाटते, असं ते स्वतःला सांगत. पण तुमच्यापासून कशाला लपवू? तो निव्वळ मत्सर होता. माझ्याकडे नाही असं त्या म्हाताऱ्याकडे आहे तरी काय, या एका विचाराने ते आतून जळत होते.

जळणारा माणूस गप्प बसत नाही. मास्तरांनी गाव गोळा केलं आणि बजावलं, की जो कोणी शंका विचारायला पूल ओलांडेल त्याच्या घराला यंदा पाद्रींचा आशीर्वाद मिळणार नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावातल्या सुईणीला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की फिलूला इकडे आणलं तर तू त्या घराची पायरी चढायची नाहीस. सुईण म्हणाली, मी आजवर कुणाच्याही घरी जायला नाही म्हटलेलं नाही. मग तुझंही घर आशीर्वादाविना राहील, असं मास्तर म्हणाले. तिने मान खाली घातली.

गाव घाबरलं. कुस्तानबायही घरात बसली. येऊ नकोस, असा निरोप तिने मुलीला पाठवला.

ओसरी ओस पडली. आता मास्तरांना गोड झोप लागायला हवी होती. पण मत्सराचं पोट असं भरत नाही. माझ्या माणसांना तो म्हातारा माझ्याविषयी काय सांगत होता, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. शेवटी एका सकाळी धर्मग्रंथ काखेत मारून ते स्वतःच पूल ओलांडून गेले. वादात त्या हकिमाला चीतपट करायचं, असं मनात पक्कं ठरलं होतं.

हकीम खलात औषध कुटत बसले होते. मास्तरांना बघताच ते उठले आणि त्यांनी चटई अंथरली.

“मास्तर, फार उशीर केलात,” ते म्हणाले. “मी तुमचीच वाट बघत होतो.”

मास्तर बसले नाहीत. माझ्या माणसांना तुम्ही काय शिकवलंत, असं त्यांनी उभ्यानेच विचारलं.

“शिकवतोय कसलं? ते विचारत होते आमच्याबद्दल, मी सांगत होतो,” हकीम म्हणाले. “पण कुस्तानबायने विचारलं, मुलीला घरी आणू का? मी म्हटलं, ते तुमच्या मास्तरांना विचारा. ती म्हणाली, मास्तर नको म्हणाले. मग मी तिला सांगितलं, तुमच्या ग्रंथात तसं लिहिलेलं असेल म्हणूनच ते म्हणाले असतील. त्यांना डावलून माझं ऐकू नका.”

मास्तरांना आपण काय ऐकतो आहोत तेच कळेना.

“खरं सांगू?” हकीम पुढे म्हणाले. “मला तुमचा हेवा वाटला. माझी माणसं दर गोष्टीला माझ्याशी वाद घालतात. तुमच्या शब्दाखातर एका आईने पोटच्या पोरीला येऊ नको म्हटलं. पण मास्तर, एवढं सांगा. तुमच्या ग्रंथात खरंच तसं आहे का?”

ग्रंथ काखेतच होता. उघडायची गरज नव्हती, मास्तरांना तो तोंडपाठ होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी मनातल्या मनात शोधलं. अवघडलेल्या लेकीला आईचं दार बंद करणारं एकही वाक्य त्यांना सापडेना.

“नाही,” मास्तर म्हणाले. “ते माझं होतं. आधी तो माझा ताठा होता. नंतर तुमच्या ओसरीवरची गर्दी मला बघवेना.”

हकिमांनी बत्ता खाली ठेवला. त्यांनी दोष दिला नाही. फक्त सांगितलं, की फिलू दोन दिवस अडली होती आणि काल संध्याकाळी बाळंत झाली. वस्तीत सुईण नाही आणि तिला सासूही नाही. शेजारच्या बायकांनी जमेल तसं निभावलं. दोघं वाचली हे नशीब. दोन्ही दिवस पोरगी आईला हाका मारत होती, पण येऊ नकोस म्हणणाऱ्या आईला निरोप धाडायला कुणी धजलं नाही.

मास्तर आल्या वाटेने धावत सुटले. त्यांनी कुस्तानबायला आणि सुईणीला बरोबर घेतलं आणि पुन्हा पूल ओलांडला. फिलू भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुस्तानबाय तिच्या उशाशी बसली आणि रडत म्हणाली, “चल, बाय माझी, घरी चल. मास्तर स्वतः न्यायला आलेत.”

फिलूने बाळ उचलून आईच्या मांडीवर दिलं. “हवं तेव्हा येऊन बघत जा, आई,” ती म्हणाली. “तुझ्यावर माझा राग नाही. पण पहिलं बाळंतपण एकदाच असतं गं. ते होऊन गेलं.”

मास्तर दारात उभे होते.

पुढे मास्तर बदलले. दर आठवड्याला तेही हकिमांकडे जाऊन बसू लागले, हकीमही इकडे येऊ लागले आणि दोन्ही काठांची माणसं एकमेकांना मोकळेपणाने विचारू लागली. फिलूला आणखी तीन मुलं झाली. पण बाळंतपणासाठी आईच्या घरी ती कधीच आली नाही.

म्हणून, लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या दारातली गर्दी ज्याला सलते, त्याला आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं दुःख दिसत नाही.