ओ देणारा कडा

त्या देशात पाणी जमिनीवर ठेवायची पद्धत बंद झाली होती. ज्याचं त्याचं पाणी ढगात असे.

पूर्वी माळाच्या मधोमध एक डोह होता आणि डोहाच्या काठी एक म्हातारी म्हैस बसलेली असे. पावसाळ्यात ज्याच्याकडे चार घोट जास्त जमत, तो ते डोहात ओतून येई आणि उन्हाळ्यात परत नेई. म्हैस सगळ्यांना तोंडावरून ओळखी. ती रागावे, घरची विचारपूस करी आणि मनात आलं तर एखाद्याला दुपारभर तिष्ठत ठेवी. मग ढग आला. तो डोंगराच्या कड्यावर येऊन थांबला आणि त्याने सर्वांना कळवलं की आता कुणी पायपीट करायची गरज नाही. आपल्या दारात उभं राहावं, वर बघावं. पाणी वर येईल आणि मागितलं की खाली येईल. शिवाय ठेवलेल्या पाण्यावर रोज सकाळी दवाचा एक थेंब दारात मिळेल. डोहावर असं काही मिळत नव्हतं. सगळ्यांनी पाणी वर पाठवलं. डोह सुकला. म्हैस कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

येसू मुंगशी आणि तिचा नवरा रावजी यांनीही आपलं पाणी ढगात ठेवलं होतं. रावजीला नव्या गोष्टींची हौस फार. ढगाने दोघांना शेजारी उभं करून विचारलं, "ठेव कुणाची?" तेव्हा रावजी छाती पुढे काढून म्हणाला होता, "दोघांची." बिळात शिरल्यावर येसू पुटपुटली, "अहो, चारचौघांत इतकं ठणकावून सांगायची काय गरज होती?"

"खोटं आहे का मग?" रावजी म्हणाला.

मागच्या थंडीत रावजी गेला. मुंगसाच्या जातीला शोभेल असं काही घडलं नाही. साप नाही, झुंज नाही. एका सकाळी तो उठला नाही, एवढंच. दवाचा थेंब मात्र पूर्वीसारखा दोघांच्या नावाने दारात पडत राहिला. येसू अर्धा थेंब पिई आणि अर्धा तसाच ठेवी. थोड्या वेळाने ऊन येऊन तो घेऊन जाई.

त्यांची लेक मंजुळा माळापलीकडे नदीकाठी नांदत होती. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा तिचा निरोप घेऊन टिटवी आली. "येसूमावशी, मंजुळा दिवसांत आहे. म्हणते, आईला सांग, तिकडचं सगळं आवर आणि कायमची माझ्याकडे ये."

माळ ओलांडायचा म्हणजे वाटेत कुठे थेंब मिळणार नव्हता. जवळ पाणी हवं. येसूने दोन वाळके भोपळे पोखरून तयार केले आणि दारात उभं राहून वर पाहिलं. "ठेव मोडायची आहे," ती म्हणाली. "सगळं पाणी द्या."

काही झालं नाही. घोटभर मागितलं की घोट येई, पण दिवसाला एकच. सगळं मागितलं की ढग जणू बहिरा होई. शेजारची घोरपड दगडावर ऊन खात बसली होती. ती म्हणाली, "येसू, ठेवायचं काम दारातून होतं. मोडायचं होत नाही. कड्यावर जा. तिथं राघू असतात."

येसू कडा चढून गेली. वर झाडाझाडांवर हिरवेगार राघू बसले होते. तिने पहिल्याला आपलं काम सांगितलं. तो गोड आवाजात म्हणाला, "तुमची हाक आम्हाला मोलाची आहे. पलीकडच्या फांदीवर विचारा." पलीकडच्या फांदीवरच्याने तेच पहिल्यापासून सांगायला लावलं आणि तेच उत्तर दिलं. असं करत करत ती कड्याच्या टोकाशी पोचली. तिथे एक पिकल्या चोचीचा राघू होता. त्याने निदान तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ठेव दोघांची आहे," तो म्हणाला. "घोट एकट्याला मिळतो. सगळं पाणी दोघांनी मिळून मागावं लागतं."

"अहो, पण ते गेले."

"ढगाला ते कसं कळणार? तो खाली येत नाही. तुम्ही असं करा, इथं उभ्या राहा आणि ज्या हाकेला ते ओ द्यायचे ती हाक मारा. ओ आली नाही की झालं. पाणी तुमचं."

रावजी गेल्यापासून येसूने ती हाक तोंडातून काढली नव्हती. एकदा दवाचा थेंब पाहून ती जिभेच्या टोकाशी आली होती, तेव्हा तिने दात घट्ट मिटून घेतले होते.

"मोठ्यानं," राघू म्हणाला. "ढग उंच आहे."

येसूने डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून हाक मारली, "अहो!"

समोरच्या कातळातून, जरा उशिराने, लांबट आवाजात उत्तर आलं, "…ओ."

येसूच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. रावजीची ओ अशीच यायची. तो बिळाच्या आतल्या बाजूला अर्धवट झोपेत पडलेला असायचा आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत असल्यासारखा सावकाश ओ द्यायचा.

"ओ आली," राघू म्हणाला. "ठेवीचे दोघेही धनी आहेत. दोघं मिळून या."

"अहो राघूबाबा, हा कडा आहे! कडा बोलतोय!"

"असेलही. ते ठरवणं आमच्याकडे नाही. ढगाला ओ ऐकू आली. पुन्हा कधी येऊन प्रयत्न करा."

येसू चिडली, रडली, तरातरा खाली उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुन्हा हाक मारली, पुन्हा ओ आली. तिने कड्याच्या या टोकावरून, त्या टोकावरून, वाऱ्याकडे पाठ करून हाक मारली. प्रत्येक वेळी ओ आली. संध्याकाळी ती घोरपडीला सांगे, "आजही तेच झालं बघ." घोरपड म्हणे, "तुझ्या चिकाटीची कमाल आहे. मी असते तर पाण्यावर पाणी सोडलं असतं." वस्तीतली सगळीच तिचं कौतुक करू लागली, की येसू एकटी ढगाशी भांडते आहे.

तिच्यात होत गेलेला बदल कुणाच्या ध्यानात आला नाही. येसू आता सकाळी निघण्याआधी अंग चाटून लख्ख करी. वाटेत राघूंशी हुज्जत घालीत नसे. त्यांच्या गोड बोलण्यातून पुढे सरकत ती थेट टोकाशी जाई. हाक मारण्याआधी जराशी थांबे. ओ आल्यावर तर बराच वेळ थांबे. एकदा राघू "ओ आली, दोघं मिळून या" असं म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "हो, बघते," आणि घरी येताना तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. भोपळे बिळाच्या कोपऱ्यात कोरडे पडून होते.

टिटवी पुन्हा आली. तिचे पंख धुळीने माखले होते. "मावशी, अजून इथंच? मंजुळाला पिल्लं झाली."

"ढग देत नाही गं," येसू म्हणाली. "रोज जाते मी. विचार कुणालाही."

टिटवीने तिच्या चकचकीत अंगाकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या भोपळ्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "वारा तापायला लागलाय. आता निघाली नाहीस तर पाऊस पडेपर्यंत माळ ओलांडता येणार नाही. आणि मंजुळा… ती पिल्लांना पाजून झालं की बाहेर येते आणि माळाकडे तोंड करून 'आई' म्हणून हाक मारते. आमच्याकडे सगळी सपाटी. हाक जाते ती जाते. मग ती तशीच उभी राहते."

टिटवी उडून गेल्यावर येसू कोपऱ्यात गेली, भोपळ्यांवरची धूळ पुसली आणि ते पाठीला बांधले.

सकाळी ती कड्याच्या टोकाशी आली तेव्हा राघू सवयीने म्हणाला, "मोठ्यानं. ढग उंच आहे."

येसू उभी राहिली नाही. ती कातळावर कुशीवर पडली, बिळात पडायची तशी, आणि शेजारी कुणाला तरी जागा ठेवावी तसे तिने पाय आखडून घेतले. मग शेजारच्याची झोप मोडू नये इतक्या हलक्या आवाजात ती म्हणाली, "अहो."

समोरच्या कातळापर्यंत ती हाक पोचलीच नाही.

ती वाट बघत राहिली. राघूंची बडबडही थांबली. वारा आला, गेला. ओ आली नाही. जेवढं थांबायला हवं होतं त्याहून येसू कितीतरी जास्त थांबली, आणि तरीही ओ आली नाही.

तेव्हा ढग खाली उतरला. दोघांनी जमवलेलं सगळं पाणी, पहिल्या पावसाळ्यापासूनचं, तिच्या भोपळ्यांत आलं. ते थंड होतं. वर ढगात ज्या जागेवरून ते आलं तिथे निळ्या आभाळाचा एक लहानसा तुकडा दिसला आणि आजूबाजूच्या पाण्याने तो लगेच बुजवून टाकला. "आमच्याबरोबर राहिल्याबद्दल आभार," राघू म्हणाला. येसूने मान हलवली.

उतरताना वाटेत तिला एक म्हातारा काळवीट भेटला. तो चढून येत होता. त्याने अंग स्वच्छ घासलं होतं आणि शिंगाला तरवडाचं पिवळं फूल अडकवलं होतं. भरलेले भोपळे पाहून तो थबकला.

"तुमचं काम झालं वाटतं, ताई?"

"झालं."

"कसं हो? माझी बायको गेली त्याला काळ लोटला. मी येतो, हाक मारतो, आणि उत्तर येतं. राघू म्हणतात, ती आहे. देतच नाहीत बघा." हे सांगताना त्याची नजर वर, कड्याच्या टोकाकडे लागली होती आणि पाय पुढे निघायची घाई करत होते.

येसूने तोंड उघडलं. मग ते फूल पाहिलं आणि मिटलं. तिने भोपळा कलता करून त्याला पोटभर पाणी पाजलं.

"ऊन व्हायच्या आत वर पोचा, दादा," ती म्हणाली.

ती माळाला लागली. मागे कड्यावर हाका सुरू झाल्या होत्या. कुणी "अगं" म्हणून, कुणी "बाबा" म्हणून, कुणी नुसतंच एखादं नाव घेऊन जीव तोडून ओरडत होतं, आणि कडा प्रत्येकाला उत्तर देत होता. खाली जमिनीला भेगा पडल्या होत्या, आणि वर ढग, काठोकाठ भरलेला, जागचा हलत नव्हता.