हाक आणि ओ

आमच्या रांगेतली सर्वांत उंच दोन शिखरे तुमच्या समोर आहेत. डावीकडचे किंचित अधिक उंच, त्याचे नाव हाक. दरीपलीकडचे, उजव्या हाताचे, ते ओ. नकाशात दोघांनाही नुसते उंचीचे आकडे आहेत. येणारे सगळे हाकेवर चढतात, आरोळी ठोकतात, फोटो काढतात आणि उतरतात. ओवर त्यांच्यातले कुणी जात नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराला पाहुणे नसतात.

मी आयुष्यभर महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवले. त्यामुळे ही गोष्ट सांगायला मी योग्य माणूस आहे का, ही शंका मला दर वेळी येते. इथल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकली तशी सांगतो. एखादा दुवा निसटला, तर दोष माझा.

असे सांगतात, की फार पूर्वी एका वर्षी पावसाळा सरताना खालच्या मुलखात देवीची साथ आली. वाडीत तेव्हा पंधरा घरे होती. साथ हटेपर्यंत खालून कुणालाही वर येऊ द्यायचे नाही, मग तो घरचा का असेना, असे ठरले. वाटेवर गोफणी घेऊन माणसे बसली. येणारा लांबूनच दिसावा म्हणून सर्वांत उंच शिखरावर राखणदार बसवायचा होता. ठकू नावाची बाई म्हणाली, मी बसते. तिचा नवरा नावजी हिरडा विकायला खाली गेला होता. वर असलो तर तो आपल्यालाच आधी दिसेल, एवढाच तिचा विचार होता म्हणे. चार वर्षांच्या मुलीला सासूजवळ ठेवून ती घोंगडी घेऊन चढली.

सहाव्या दिवशी तो दिसला. नेहमीची वाट सोडून, शिखराखालच्या सोंडेवरून, डोक्यावर मिठाचे गाठोडे घेऊन, झपाझप येत होता. वाडीला कळवावे तर गोफणी सुटणार. गप्प राहावे तर तो घरात शिरून आधी मुलीला उचलून घेणार. त्यालाच थांबवायला हवे होते. पण त्या वाऱ्यात 'अहो' कुठे ऐकू जाणार? आणि नवऱ्याचे नाव तर बाईने उखाण्याखेरीज घ्यायचे नसते. ठकूने तोंडाभोवती हात धरले आणि जीव काढून हाक मारली, "नावजीऽऽ!"

सवयीने त्याच्या तोंडून गेले, "ओऽऽ!" मग तो थबकला. "कोण, ठकू? बिनउखाण्याचं नाव घेतलंस गं?"

"घेतलं! वाडीत येऊ नका. पोरीची आण हाय तुमाला."

तो पुढे आला नाही. मागे वळून समोरच्या शिखरावर गेला आणि तिथल्या कपारीत राहिला. त्याच्या धाकट्या भावाला, हैबतीला, लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. त्याला पुन्हा त्यांची भीती नव्हती, म्हणून तो पायथ्याच्या दगडावर भाकरी ठेवून येई. शिखरांमधल्या वाऱ्यात लांबलचक बोलणे पोचत नसे. रोज दिवस मावळताना ठकू नाव घेऊन हाक मारी आणि पलीकडून ओ येई. एवढाच काय तो त्यांचा संसार.

एके दिवशी भाकरी होती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. हैबतीने वर जाऊन पाहिले, भावावर दगड रचले आणि तो खाली आला. वहिनीला सांगायला त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

ठकू हाक मारत राहिली. साथ गेली, वाट मोकळी झाली, बायका तिला न्यायला वर आल्या. "ओ आली की येते," ती म्हणाली. थंडी पडली. रोज हाक, आणि समोर नुसती दरी.

शेवटी एका संध्याकाळी हैबती त्या शिखरावर चढला. हाक आली, तसा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ओऽऽ!"

 पलीकडे ठकूने घोंगडी झटकली आणि ती उतरू लागली. हैबती धावत खिंडीत आला, पण त्याची मान वर होईना.

"भावजी, तुमचा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

"मग उतरलीस कशी, वैनी?"

"हाक रिकामी गेली न्हाई. कुणीतरी ओ दिली," ती म्हणाली. "पोरगी जेवली का?"

तेव्हापासून, असे म्हणतात, वाडीत हाक कुणालाही मारलेली असो, ऐकणारा ओ देतो. शाळेच्या हजेरीत गैरहजर मुलाच्या नावालाही चार-पाच ओ येतात. एक नवे गुरुजी वैतागून म्हणाले होते, "अरे, एका गंगारामाला किती तोंडं?"

आजही मार्गशीर्षातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी, ज्यांचे माणूस परतलेले नाही ते हाकेवर चढतात आणि उरलेली वाडी ओवर जाते. नाते सांगायचे नाही, नावानेच हाक मारायची. दरीतून प्रतिध्वनी चार सेकंदांत परततो, मी मोजला आहे. ओ त्यानंतर येते, माणसाला ऐकून श्वास घ्यायला लागेल तेवढी उशिरा. मोजण्यात माझी चूक झाली नसेल, तर. ती कुणी दिली, हे मात्र विचारायचे नसते.

गेल्या वर्षी हाकेवरून उतरताना मीही विचारले नाही.