मामांकडचा फुकट मुक्काम

मिरजेची रेणू खटावकर पाठीवर सॅक टाकून युरोपभर एकटी हिंडत होती. शक्यतो चालत फिरायचं, दुपारी घरच्या चटणीशी पाव खायचा, हॉस्टेलात आठजणींच्या खोलीत झोपायचं, असं तिचं काटकसरीत चाललं होतं. आमच्या स्विस शहरात तिच्या आईचे मामेभाऊ दिगंबरराव राहतात. ते आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. "हॉस्टेलला पैसे कशाला घालतेस? मामाचं घर आहे की!" असं म्हणत ते तिला घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या हातात चकलीचा सोऱ्या आला. मंडळाच्या दिवाळीचा फराळ दरवर्षी अध्यक्षांच्या घरून येतो, आणि त्याचा मान अध्यक्षांना मिळतो. चार दिवस ती चकल्या पाडत होती, तळत होती, कढया घासत होती.

कार्यक्रमात आम्ही त्याच चकल्या खात असताना मामांनी तिला स्टेजवर ओढलं.

"आजकालची ही मुलं! दुसऱ्याच्या जिवावर जग बघतात. हिला चार दिवस फुकट ठेवून घेतलंय मी. सांग बाई सगळ्यांना, परदेशात पैसे कसे वाचवायचे?"

लोक हसले. रेणूने माइक घेतला.

"पैसे देऊन राहा," ती म्हणाली. "हॉस्टेलात फक्त आपलं ताट धुवावं लागतं, आणि दिवस आपला असतो. इथलं तळं मामांच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे म्हणे. मी अजून पाहिलेलं नाही. मामा, तुमचं फुकट मला परवडलं नाही."

येतानाच बरोबर आणलेली सॅक तिने पाठीवर चढवली आणि ती निघून गेली. माझ्या तोंडात चकली होती. ती मला चावताही येईना आणि थुंकताही येईना.