झेलीला ओ

लई जुनी गोष्ट. तेव्हा करंढोल गावात पोरीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. कुंभाराच्या भागाक्काची झेली एकुलती एक. वासरू तळ्याच्या गाळात रुतलं म्हणून ती काढायला गेली, वासरू बाहेर ढकललं आणि स्वतःच रुतली. हाकेच्या अंतरावर पारावर बाप्ये पान चघळत बसले होते. झेलीनं हाक मारलीच नाही. दात आवळून गाळाखाली गेली, असं म्हणतात.

सुतकाला आलेले म्हणाले, "पोर गुणाची हो! मरतानासुद्धा आवाज केला नाही."

ते बोल भागाक्काच्या काळजात कुसळासारखे रुतले.

मग बाप्ये बाजाराला गेले की ती गावच्या पोरी डोंगरावरच्या कातळावर न्यायची. दर खेपेला एकीनं म्होरकी व्हायचं, कडेला उभं राहून आपल्याच नावाची हाळी द्यायची, आणि उतरायची वाटही तिनंच ठरवायची. पहिल्या दिवशी कुणाच्या तोंडून आवाज फुटेना.

"आगं, मांजर तरी बरं ओरडतंय!" भागाक्का खेकसली. पोरी फिदीफिदी हसल्या, आणि हसता हसता घसे मोकळे झाले.

एकदा धाकट्या धुरपीनं वाट चुकवून सगळ्यांना बोरीच्या जाळीत नेलं. थोरल्या चिडल्या. भागाक्का म्हणाली, "काटे सगळ्यांनी काढा. पुढच्या बाजारी परत हीच म्होरकी."

पाटील दारात येऊन गरजला, "भागे, पोरी बिघडवतीस!"

"बिघडू द्या, पाटील. बुडण्यापरीस बरं."

पुढं एका पावसाळ्यात तळ्याचा बांध खचला. तिथं एकटी धुरपी होती. तिनं अशी हाळी दिली, की पारावरच्या पिंपळाचं पान न् पान गळालं, असं म्हणतात. "म्हाताऱ्यांना उचला! माझ्या मागनं माळावर चला!" पाटलासकट सारं गाव त्या चिमुरडीच्या मागं धावलं आणि वाचलं.

भागाक्का तेवढी मागं राहिली. धुरपीची हाळी डोंगरावर आपटून परत आली, ती तिला झेलीच्या आवाजात ऐकू आली. "आये!" एवढंच.

"ओ, आले गं बाय," म्हणत ती पाण्याकडं चालत गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही.

अजूनही बांध खचला त्या तिथीला करंढोलच्या पोरी कातळावर चढतात. सगळ्यात धाकटी म्होरकी असते. एकेकजण आपल्या नावाची हाळी देते. शेवटी साऱ्या मिळून हाक मारतात, "झेली!" तेव्हा पारावरचे बाप्ये उठून उभे राहतात आणि ओ देतात. ज्यांनी द्यायची होती, ते कधीच मातीला मिळाले. तरी देतात.