घाटाचा कठडा कोणाच्या डोक्यातला?

मंगळवारी सकाळी आठाचा टोल पडला आणि त्याच टोलाला हैबती दवंडीवाल्याच्या दारात राजा चंडप्रतापाचा शिपाई उभा राहिला. "चल, डफ घेऊन दरबारात!"

हैबती निघाला. दात येऊन किरकिरणाऱ्या ठमीला कडेवर घेऊन त्याची बायको सारजाही मागोमाग धावली.

भानगड अशी होती. राजाला नवा कारभारी नेमायचा होता. प्रत्येक पेठेने आपला एकच माणूस निवडून पाठवायचा, असा रिवाज. पण कुंभारपेठेत तात्याराव आणि गुलाबशेट दोघेही हटून बसले. तात्यारावांनी एके दिवशी सकाळी दवंडी पिटवली, "मला निवडा, नदीच्या घाटाला कठडा बांधीन!" दुपारी गुलाबशेटांची दवंडी, "मला निवडा, घाटाला कठडा बांधीन, वर रंगही देईन!" गुलाबशेटांनी प्रत्येक कडुलिंबाला झोपाळा कबूल केला, तर तात्यारावांनी झोपाळा आणि झोके द्यायला माणूस. एकाने घरटी मांजर देऊ केलं, दुसऱ्याने पिल्लांसकट देऊ केलं! दवंड्या दोघांच्या, तोंड मात्र एकट्या हैबतीचं.

"एकाच तोंडाने एकच गोष्ट दोघांच्या नावावर?" राजा कडाडला. "माझ्या गावात खोटी दवंडी?"

"सरकार, ते सांगतात, मी नुसता ओरडतो."

"मग शोधून सांग, कठडा मुळात कोणाच्या डोक्यातून निघाला!"

"माझ्या!" तात्याराव म्हणाले.

"ह्यांचं डोकं फक्त पागोटं ठेवायला आहे महाराज. माझ्या!" गुलाबशेट म्हणाले.

"ऐकलंस? उद्या दरबार भरेपर्यंत उत्तर आण. नाही तर डफ जप्त आणि तू गावाबाहेर!"

"सरकार, कोणाच्या डोक्यातलं मला कसं दिसणार?"

"ते तू बघ!"

घरी येऊन हैबती डोकं धरून बसला. भर पावसाळा, लेकराला खोकला, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जायचं कुठे? भाकरी थापता थापता ती विचार करत होती. ठमी रांगत चुलीकडे निघाली. सारजाने तिला ओढून मांडीवर घेतलं, तर तिने भोकाडच पसरलं. आणि सारजाचा पिठाचा हात जागच्या जागी थांबला.

"अहो, आज कोणी दवंडी सांगायला आलं तर नाही म्हणू नका."

"काहीही सांगितलं तरी?"

"काहीही. फक्त हसू नका!"

ती वाटी घेऊन तात्यारावांच्या मागच्या दारी गेली. विरजण मागितलं आणि त्यांच्या बायकोच्या कानाशी लागली, "वहिनी, कोणाला बोलू नका हं. गुलाबशेट म्हणे पेठेतलं रडणारं प्रत्येक मूल स्वतः मांडीवर घेऊन झोपवणार आहेत!"

"अगं बाई! मग सगळ्या आया तिकडेच वळतील की!"

तिथून सारजा गुलाबशेटांच्या मागच्या दारी. तीच गोष्ट, नाव तेवढं तात्यारावांचं. विरजण मात्र दोन्हीकडचं घेतलं!

दिवे लागायच्या आत पेठभर दवंडी फिरली. तात्याराव मुलं झोपवणार! गुलाबशेट मुलं झोपवणार, वर अंगाईही म्हणणार! हैबतीने ओठ चावून चावून दोन्ही पुकारल्या.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. "उत्तर?" राजाने विचारलं.

सारजा पुढे झाली. "देते सरकार. आधी कालची ताजी कल्पना विचारा. मुलं झोपवायचं कोणाच्या डोक्यातलं?"

"माझ्या! देवाशपथ!"

"छट्! माझ्या! आईशपथ!"

"मग घ्या!" सारजाने ठमीला तात्यारावांच्या मांडीवर ठेवलं आणि दाराकडे हात केला. पेठेतल्या झाडून साऱ्या आया आत घुसल्या, काखेला एकेक रडकं! असा भोंगा उठला की बाहेर राजाचा हत्ती साखळी ओढू लागला. तात्यारावांच्या पागोट्याचं टोक ठमीच्या तोंडात गेलं. गुलाबशेटांनी जेमतेम अंगाई सुरू केली, तोच त्यांच्या कोऱ्या धोतरावर नको ते झालं.

"महाराज, कल्पना ह्यांची!" गुलाबशेट ओरडले.

"नाही नाही, ह्यांचीच! ह्यांनाच द्या!" तात्याराव ओरडले.

"आत्ता दोघांची होती, आता एकाचीही नाही?" राजा चक्रावला.

"ती माझी सरकार," सारजा म्हणाली. "काल भाकरी थापताना सुचली. विरजण मागायच्या निमित्ताने दोन्ही घरी मीच पोचवली. ह्यांनी तर शपथासुद्धा घेतल्या!"

"आणि कठडा?"

"ठमी रांगायला लागल्यापासून घाटावर मी रोज बडबडते, इथे कठडा हवा, पोर पाण्यात जाईल. ह्या साऱ्याजणी हो ला हो म्हणतात. ह्या दोघांचे गडीही तिथेच धोतरं धुवायला येतात. जाताना धोतरं पिळून नेतात आणि आमचं बोलणं न पिळता! ह्यांनी एकमेकांचं चोरलं नाही सरकार. दोघांनी आमचं चोरलं!"

"खरंच आहे की!" आया एका सुरात ओरडल्या.

राजा असा हसला की मुकुट नाकावर आला. तेवढ्यात ठमी रांगत सिंहासनापाशी पोचली आणि त्याच्या मोत्यांच्या माळेचा चावा घेऊन गप्प झाली.

"शाबास! माग, काय हवं?"

"आमचा डफ आमच्याकडेच राहू द्या. आणि कठडा."

"डफ दिला, पोरीला चांदीचे वाळे दिले. आणि कठडा ह्या दोघांनी मिळून बांधायचा, स्वतःच्या हातांनी! दोघांनीही कबूल केलाय. कारभारी कोण, ते पेठ मग बघेल."

"आणि रंग, सरकार!" सारजा म्हणाली.

त्याच दुपारी हैबतीचा डफ वाजला, "ऐका हो ऐका! उद्यापासून तात्याराव दगड उचलणार, गुलाबशेट चुना कालवणार! कठडा होईतो लेकरं सांभाळा हो! आणि ऐकलंत ते शेजारच्या घरीही सांगा हो!"